आयनिक द्रव भरलेली पॉलिमर पटले : १२० अंशांवर चालणारी फ्युएल सेल गाडीत टिकेल का?

अणुरेणू

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची चर्चा बहुधा हायड्रोजन कसा तयार करायचा आणि ७०० बार दाबाच्या टाक्यांत तो कसा साठवायचा, या दोन प्रश्नांभोवती फिरते. मला या धाग्यात त्याहून पुष्कळ लहान, पण माझ्या मते तितक्याच निर्णायक गोष्टीबद्दल लिहायचे आहे. फ्युएल सेलच्या दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये पॉलिमरचे एक पटल असते, कागदापेक्षाही पातळ. हायड्रोजनपासून सुटलेले प्रोटॉन या पटलाने पलीकडे जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉन मात्र अडवायचे म्हणजे ते बाहेरच्या तारेतून मोटर फिरवून येतील, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन यांची थेट गाठ कधीच पडू द्यायची नाही.

आजच्या गाड्यांत, डिसेंबर २०१४ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या टोयोटा मिराईसह, हे पटल परफ्लुओरोसल्फॉनिक आम्लाच्या पॉलिमरचे असते. या घराण्यातले सर्वांत परिचित नाव म्हणजे नॅफिऑन; ड्यू पाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते घडवले. पाण्याने चांगले भिजलेले असताना ८० अंश सेल्सिअसला नॅफिऑनची वाहकता ०.१ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते. पाणी निघून गेले की ती कित्येक पटींनी घसरते, कारण प्रोटॉन तेथे पाण्याच्याच आधाराने पुढे सरकत असतो : काही वेळा एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात, काही वेळा पाण्याच्या रेणूवर स्वार होऊन.

अडचण येथूनच सुरू होते. ८० अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे ४७ किलोपास्कल असतो, १२० अंशांना तो जवळजवळ २०० किलोपास्कलवर जातो. म्हणजे १२० अंशांवर पटल पूर्ण ओले ठेवायचे, तर नुसत्या वाफेसाठीच वातावरणाच्या दुप्पट दाब लागेल आणि हवेसाठी त्यावर आणखी. एवढे दाबयंत्र गाडीतच बसवायचे आणि सेलच्याच विजेवर चालवायचे, हा व्यवहार परवडणारा नाही.

मग ८० अंशांवरच समाधान का मानू नये? याचे उत्तर रेडिएटरमध्ये आहे. एक सेल ०.६५ व्होल्टवर चालत असेल, तर हायड्रोजनच्या ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के वीज मिळते आणि उरलेल्याची उष्णता होते. १०० किलोवॅट वीज देणाऱ्या स्टॅकला (एकावर एक रचलेल्या सेलच्या चळतीला) अंदाजे ९२ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. पेट्रोल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. फ्युएल सेलच्या थंडगार धुराड्यातून ती फारशी जात नाही, जवळजवळ सगळा भार शीतकावर येतो. बाहेर ४० अंश तापमान असताना शीतक ८० अंशांचा असेल, तर उष्णता ढकलायला ४० अंशांचाच फरक हाती राहतो. शीतक १२० अंशांवर गेला की हा फरक दुप्पट होतो, आणि तेवढ्याच उष्णतेसाठी साधारण निम्मा रेडिएटर पुरतो. सामान भरून घाट चढणाऱ्या ट्रकसाठी ही मोठीच सवलत आहे. शिवाय ८० अंशांना हायड्रोजनमधला दहा पीपीएम (दशलक्षात दहा भाग) कार्बन मोनॉक्साइडही इलेक्ट्रोडांवरच्या उत्प्रेरकाला, म्हणजे प्लॅटिनमला, जेरीस आणतो. तापमान वाढेल तशी त्या विषाची प्लॅटिनमवरची पकड सैल होत जाते.

आयनिक द्रवांचा विचार या ठिकाणी येतो. १०० अंशांच्या खालीच वितळलेल्या अवस्थेत असलेले हे क्षार. पाऊल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथाइलअमोनियम नायट्रेट हा १२ अंशांना वितळणारा क्षार नोंदवला, तेव्हापासून हे पदार्थ माहीत आहेत. त्यांचा बाष्पदाब नगण्य असतो, बरेचसे २०० अंशांच्या पुढेही टिकतात आणि स्वतःच आयनांचे बनलेले असल्याने पाण्याविना वीज वाहतात. पॉलिमरच्या पटलात पाण्याच्या जागी असा द्रव भरला, तर कोरड्या अवस्थेत १२० अंश गाठता येतील, अशी ही कल्पना आहे. सन २००० मध्ये डॉयल, चोई आणि प्रूल यांनी नॅफिऑनमध्ये ब्यूटाइलमिथाइलइमिडाझोलियम ट्रायफ्लेट भरून १८० अंशांना ०.१ सीमेन्स प्रति सेंटिमीटरहून अधिक वाहकता दाखवली. ओल्या नॅफिऑनशी बरोबरी करणारा हा आकडा पाण्याचा थेंबही न वापरता मिळाला होता.

या निकालाला पाव शतक होऊन गेले, तरी रस्त्यावरच्या गाडीत असे पटल नाही. तसे का, यावर जाणकारांची मते वाचायला आवडतील. माझा स्वतःचा कल असा आहे की अडचण वाहकतेची नाही, द्रव जागेवर राहण्याची आहे.

ओहम

धागा नेमक्या विषयाला हात घालणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अडचण वाहकतेची नाही, हे मात्र मला पूर्ण मान्य नाही. अडचण वाहकतेचीसुद्धा आहे. ती आकड्यात दिसत नाही एवढेच.

हे आकडे बहुतेक वेळा इम्पीडन्सच्या मोजणीतून येतात. पटलाला सूक्ष्म प्रत्यावर्ती व्होल्टेज द्यायचे आणि प्रतिसादावरून रोध काढायचा. या मोजणीला जे जे आयन हलतात ते सगळे सारखेच. हललेला आयन प्रोटॉन आहे, इमिडाझोलियम आहे की ट्रायफ्लेट आहे, हे तिला कळत नाही. फ्युएल सेलला उपयोग मात्र फक्त प्रोटॉनचा आहे. ब्यूटाइलमिथाइलइमिडाझोलियम कॅथोडपाशी, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडपाशी, पोचून ऑक्सिजनला काहीच देऊ शकत नाही. तो तेथे साचतो, त्याच्या साचण्याने उलट विद्युतक्षेत्र तयार होते, आणि एकदिश प्रवाह सुरू करून थोडा वेळ थांबले की सुरुवातीचा दिमाख ओसरतो.

यात आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. नॅफिऑनच्या सल्फॉनिक गटांवर मुळात प्रोटॉन असतात. पटल आयनिक द्रवात बुडवले की काही प्रोटॉनांची जागा मोठा सेंद्रिय कॅटायन (धन भाराचा आयन) घेतो, आणि सुटलेला प्रोटॉन ट्रायफ्लेटबरोबर ट्रायफ्लिक आम्ल म्हणून द्रवात उतरतो. नंतर ते पटल धुतले, तर आम्ल पाण्याबरोबर जाते आणि मागे उरतो प्रोटॉन गमावलेला नॅफिऑन. वाहकता सुधारण्यासाठी केलेल्या उपचारात प्रोटॉनच हरवून बसण्याची ही शक्यता अहवाल वाचताना प्रत्येकाने तपासावी असे मला मनापासून वाटते.

खरी कसोटी हायड्रोजन पंपाची आहे. दोन्ही बाजूंना हायड्रोजन ठेवायचा, स्थिर एकदिश व्होल्टेज द्यायचे आणि एका बाजूचा हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने दुसऱ्या बाजूला किती वेगाने जातो ते तासन्‌तास पाहायचे. प्रोटॉनशिवाय दुसरा कोणताही आयन हा प्रवाह टिकवून धरू शकत नाही. इम्पीडन्सचा आकडा आणि पंपाचा आकडा यांत जेवढे अंतर, तेवढी ती वाहकता आपल्या कामाची नाही.

वाफारा

मला एक मूलभूत शंका आहे. फॉस्फोरिक आम्ल भरलेल्या पॉलिबेन्झिमिडाझोलची पटले १६० ते १८० अंशांवर व्यवस्थित चालतात. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या वेनराइट, सॅव्हिनेल आणि लिट यांचे ते काम १९९५ चे आहे, आणि तशा सेल स्थिर वीजनिर्मितीसाठी वापरल्याही जातात. त्यांना एक ते तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडही चालतो. मग आयनिक द्रवांची वाट धरायचे कारण काय?

अणुरेणू

वाफारा, प्रश्न रास्त आहे. स्थिर वीजनिर्मितीत ती पटले उत्तम आहेत, कारण तेथे सेल एकदा तापली की दिवसचे दिवस तापलेलीच राहते. गाडीचे तसे नाही. गाडी सकाळी थंड असते आणि चालकाला ती लगेच हलायला हवी असते. फॉस्फोरिक आम्लाची सेल १०० अंशांच्या खाली चालवली, तर तयार होणारे पाणी द्रवरूपात साठते आणि आम्ल विरघळवून बाहेर नेते. म्हणून तिला आधी बाहेरून तापवावे लागते. दुसरे असे की फॉस्फेटचे आयन प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि ऑक्सिजनच्या क्षपणाला (इलेक्ट्रॉन व प्रोटॉन घेऊन त्याचे पाणी होण्याला) जागा पुरत नाही. त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी प्लॅटिनम अधिक लागते आणि स्टॅक मोठा होतो. ट्रायफ्लेट किंवा टीएफएसआय यांसारखे ऋणायन प्लॅटिनमवर फॉस्फेटइतके घट्ट बसत नाहीत, हे आयनिक द्रवांच्या बाजूचे बलवान कारण आहे.

ओहम यांचा मुद्दा मी मान्य करतो आणि माझे वाक्य सुधारून घेतो. मात्र आपण वर्णन केलेली अडचण प्रोटॉन नसलेल्या, म्हणजे अप्रोटिक द्रवांची आहे. प्रोटिक द्रवांत, उदाहरणार्थ डायइथाइलमिथाइलअमोनियम ट्रायफ्लेटमध्ये, कॅटायनवरच प्रोटॉन बसलेला असतो. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या मासायोशी वातानाबे यांच्या गटाने हाच द्रव सल्फोनेटेड पॉलिइमाइडमध्ये भरून, आर्द्रता न देता, १२० अंशांवर सेल चालवून २०१० मध्ये दाखवली. तेथे कॅटायन कॅथोडपाशी पोचून निष्क्रिय राहत नाही, तो प्रोटॉन देतो.

ओहम

देतो, हे खरे. पण प्रोटॉन दिल्यावर त्याचे काय होते तेही पाहायला हवे. अमोनियमने प्रोटॉन दिला की मागे उदासीन अमाइन उरते. ते अमाइन पटलातून उलट दिशेने, हायड्रोजनच्या बाजूच्या अॅनोडकडे परत यायला हवे, म्हणजे नवा प्रोटॉन उचलता येईल. डायइथाइलमिथाइलअमाइनचा उत्कलनबिंदू ६५ अंशांच्या आत आहे. १२० अंशांच्या कॅथोडवर, हवा सतत वाहत असताना, ते परत फिरेल की वाफ होऊन निघून जाईल? क्षार म्हणून जो पदार्थ उडत नाही, त्याचाच अर्धा भाग प्रोटॉन दिल्याक्षणी उडून जाण्याजोगा होतो.

आम्ल आणि अमाइन यांच्या पीकेए मूल्यांतला (प्रोटॉन किती घट्ट धरला जातो याच्या मापांतला) फरक निवडणे हा या रसायनशास्त्राचा गाभा येथूनच येतो. फरक फार कमी असेल, तर प्रोटॉनचे हस्तांतर अपुरे राहते आणि आम्ल व अमाइन वेगवेगळे उडू लागतात. फार जास्त असेल, तर अमाइन प्रोटॉन इतका घट्ट धरून ठेवते की तो पुढे द्यायलाच नाखूश असते. ऑस्टिन अँजेल यांच्या गटाने या फरकावर केलेले काम प्रोटिक द्रवांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे.

गतिमान

मी या क्षेत्रातला नाही, वाहनांचे यंत्रशास्त्र शिकलो आहे. चर्चेत द्रव वाहून जाण्याचा उल्लेख वारंवार येतो. १२० अंशांवर पाणी वाफरूप असते. मग ते द्रव कसे धुऊन नेईल?

पेट्रीबशी

गतिमान यांच्या शंकेला उत्तर देतो, कारण हे धुऊन जाणे मी डोळ्यांनी पाहिले आहे. विद्यार्थी असताना आमच्या प्रयोगशाळेत मी सल्फोनेटेड पॉलिमरचे चौकोनी तुकडे आयनिक द्रवात बुडवून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवत असे. कोरडा तुकडा कडक असतो, चिमट्यात धरला की सरळ उभा राहतो. द्रव प्यायलेला तुकडा तुळतुळीत आणि लवचिक होऊन चिमट्यातून खाली लोंबतो. हा लोंबता तुकडा ऊर्ध्वपातित पाण्याच्या बशीत ठेवून पाण्यात वाहकता-मीटरची दांडी बुडवली की आकडा थांबतच नाही, पाहता पाहता चढत जातो. पटलातून बाहेर पडणारा प्रत्येक आयन त्या आकड्यात दिसत असतो. दुसऱ्या दिवशी तुकडा वाळवून तोलला, तेव्हा बुडवल्याने वाढलेले जवळजवळ सगळे वजन उतरलेले होते, आणि तुकडा पुन्हा कडक झाला होता. मी इम्पीडन्सची मोजणी मात्र आदल्या दिवशीच करून ठेवली होती, आणि अहवालात तीच गेली. धुतल्यानंतरची मोजणी कोणी मागितली नाही आणि मीही केली नाही, याची मला आजही खंत आहे.

आता गाडीपुरते बोलायचे तर १२० अंशांवर पाणी वाफरूप असते हे बरोबर आहे, पण गाडी १२० अंशांवर जन्मत नाही. प्रत्येक वेळी सुरू होताना ती खालच्या तापमानातून वर जाते आणि बंद झाल्यावर पुन्हा थंड होते. त्या वेळी आतली वाफ पटलावरच पाणी होऊन बसते. शिवाय हिशेब करून पाहा. एक अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर या प्रवाहाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे तासाला ०.३३६ ग्रॅम पाणी तयार होते. ५० मायक्रोमीटर जाडीच्या पटलाचा तेवढाच तुकडा घेतला, तर त्यात आयनिक द्रव असणार तीन-चार मिलिग्रॅम. एका तासाचे पाणीच त्याच्या जवळपास शंभरपट भरते. गाडीकडून अपेक्षा ५,००० तासांची धरली, तर त्या इवल्या चौकोनावरून दीड टनाचा नव्हे, पण दीड किलोहून अधिक पाण्याचा प्रवास होतो. यातले बहुतेक वाफरूपाने गेले तरी सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही मिनिटांतले द्रवरूप पाणी तीन मिलिग्रॅम क्षार विरघळवायला पुरेसे आहे.

गतिमान

आभारी आहे. हिशेबामुळे प्रमाण लक्षात आले. मग पाण्यात न विरघळणारा आयनिक द्रव वापरणे शक्य नाही का?

पेट्रीबशी

शक्य आहे आणि केलेही जाते. टीएफएसआय ऋणायनाचे द्रव पाण्याशी सहज मिसळत नाहीत, त्यामुळे धुपण्याचा वेग कमी होतो. तरीही ते थोडे विरघळतातच, आणि वर काढलेल्या हिशेबात ‘थोडे’ हा शब्द धोक्याचा आहे. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचे द्रवही पाण्यापासून अलग राहतात, पण उष्ण ओलाव्यात त्यांचे जलविघटन होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुटते. फ्युएल सेलमध्ये ते वापरल्याचे वाचले की मी तो लेख तेथेच मिटतो.

वाफारा

पेट्रीबशी यांनी तुकडा लोंबत असल्याचे लिहिले, त्यावरून एक मुद्दा पुढे न्यावासा वाटतो. आयनिक द्रव पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सुटे करतो, म्हणजे प्लास्टिसायझरचे काम करतो. द्रव जितका जास्त भरावा तितकी वाहकता वाढते आणि तितकेच पटल मऊ पडते. तापलेल्या स्टॅकमध्ये शेकडो सेल एकमेकांवर दाबून आवळलेल्या असतात. मऊ पटल त्या दाबाखाली पातळ होत जाते आणि एखाद्या ठिकाणी भोक पडले की हायड्रोजन थेट पलीकडे जातो. वाहकता आणि बळकटी यांचा हा झगडा पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडून, सिलिका किंवा ग्राफीन ऑक्साइड मिसळून, अथवा सच्छिद्र पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) जाळीचा आधार देऊन सोडवण्याचे प्रयत्न होतात. यांपैकी जाळीचा आधार मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात बळकटी एका पदार्थाकडे आणि वाहकता दुसऱ्याकडे सोपवलेली असते.

अणुरेणू

चर्चेने माझे मत बरेच स्पष्ट झाले. द्रव धुपत असेल, तर त्याला साखळीलाच बांधून टाकावे, हा मार्ग आता विचारात घेऊ. व्हाइनिलइमिडाझोलियमसारख्या क्षाराचे पॉलिमरीकरण केले की कॅटायन साखळीचाच भाग होतो. त्याला पॉली-आयनिक द्रव म्हणतात. कॅटायन धुपत नाही, त्यामुळे ऋणायनही विद्युतसमतोलासाठी बव्हंशी मागे राहतो. याची किंमत वाहकतेत मोजावी लागते, कारण बांधलेला आयन हलत नाही. ओहम यांच्या दृष्टीने पाहिले तर हे नुकसान नाहीच : जो आयन हलून उपयोग नव्हता, तो आता हलत नाही. प्रश्न एवढाच उरतो की मग प्रोटॉन कोण वाहील.

याचे एक सुंदर उत्तर २०१६ मध्ये लॉस अलामॉस आणि सँडिया प्रयोगशाळांच्या संशोधकांनी दिले. त्यांनी पॉलिफिनिलीनच्या साखळीवर कायम धन भार असलेले चतुष्क अमोनियम गट बसवले आणि त्यांना फॉस्फोरिक आम्लाच्या ऋणायनाशी, म्हणजे बायफॉस्फेटशी, आयन-जोडी करायला लावले. पॉलिबेन्झिमिडाझोलमध्ये फॉस्फोरिक आम्ल तुलनेने दुबळ्या आम्ल-अल्क आकर्षणाने धरलेले असते. येथे धन आणि ऋण भार समोरासमोर असल्याने पकड पुष्कळ घट्ट होते. परिणामी तशी सेल ८० ते १६० अंशांच्या विस्तृत पट्ट्यात चालली, म्हणजे पाणी द्रवरूपात असतानाही आम्ल बाहेर गेले नाही. हे पटल काटेकोर अर्थाने आयनिक द्रवाचे नव्हे. पण कॅटायन साखळीला बांधा आणि प्रोटॉन वाहणारा भाग त्या कॅटायनला बांधा, हा धडा थेट आपल्या विषयाचा आहे. द्रव नुसता ओतून मुरवण्याच्या पद्धतीवरचा माझा विश्वास आता उरलेला नाही, हे मोकळेपणाने लिहितो.

ओहम

सहमत. एक जोड देतो. आयनिक द्रवाची जागा पटलातच असावी असे नाही. २०१० मध्ये जोना एर्लेबाखर यांच्या गटाने निकेल-प्लॅटिनमच्या सच्छिद्र मिश्रधातूत ऑक्सिजन चांगला विरघळवणारा, पाण्याला दूर ठेवणारा आयनिक द्रव भरला, आणि ऑक्सिजनच्या क्षपणाचा वेग लक्षणीय वाढला. तेथे द्रव अतिसूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने धरलेला असतो आणि त्याचे प्रमाणही अगदी अल्प लागते. पटलात जो गुण तोकडा पडतो, तो उत्प्रेरकाच्या थरात कामी येऊ शकतो.

गतिमान

शेवटची एक शंका. यापुढे अशा पटलाविषयीचा अहवाल समोर आला, तर माझ्यासारख्याने त्यात प्रथम काय शोधावे?

पेट्रीबशी

मी स्वतः आता आलेखांच्या आधी प्रयोगाची पद्धत वाचतो. पटल पाण्यात ठेवून वाळवल्यानंतरचे वजन आणि त्यानंतरची वाहकता दिली आहे का, ते पाहतो. मग सेल स्थिर प्रवाहावर किती तास चालवली आणि त्या काळात ती कितीदा थंड करून पुन्हा तापवली, हे शोधतो. दोन-चार तासांचा एकच वक्र दिला असेल, तर तो आयनिक द्रव अजून बाहेर पडलेला नाही एवढेच त्यातून कळते. माझ्या त्या जुन्या तुकड्याचाही पहिल्या दिवशीचा वक्र फार देखणा आला होता.